अंजिराचा कोपरा

कुवेतमध्ये जलीब भागातल्या एका गल्लीतला तो फ्रेमवाला मूळचा रत्नागिरीचा, एवढंच मला ठाऊक. वॉर्डात लावायला डॉक्टरांनी दिलेली एका जुन्या युरोपीय चित्राची प्रत मी त्याच्याकडे नेली होती. चित्रात एका बाजूला टवटवीत गुलाब आणि दुसऱ्या बाजूला नासायला आलेलं अंजीर, त्यावर माशी. असलं काही रंगवणारे चित्रकार मला रोगटच वाटायचे.

तयार फ्रेम जरा लहान पडत होती.

"अंजिराचा कोपरा कापा, भाई. पेशंटसमोर ते कशाला?"

आंबा हुंगावा तसं त्याने चित्र नाकाशी नेलं.

"गुलाब कापतो, सिस्टर. ते कुठल्याही कॅलेंडरवर मिळतात. वास सुटलाय तो अंजिराला."

त्याने गुलाबाची बाजू कापली, आणि अंजीर तसंच असलेलं चित्र मी वॉर्डात लावलं.

काल अन्नावरची वासना उडालेल्या एक बाई त्या चित्राकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, काहीतरी गोड खावंसं वाटतंय."