थोरलीचा निरोप

"हात मांडीवर!"

उपग्रहाच्या नियंत्रणकक्षात पडद्यावरचा एखादा आकडा लाल झाला, की ताई आधी हे ओरडायच्या. मोठमोठे इंजिनियर कीबोर्डवर झेप घ्यायच्या बेतात असायचे, आणि ही बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून आकडे वाचत बसायची. "आधी बघा तरी काय झालंय. घाईघाईत काही बिघडवलंत, तर वर मिस्त्री पाठवता येत नाही!"

भोपाळच्या आमच्या केंद्रात त्या शिफ्टच्या प्रमुख होत्या आणि मी संगणकांच्या देखभालीला. त्या मूळच्या नागपूरच्या. नवरा कारखान्यात, घर अवधपुरीत. सगळ्यांच्या त्या 'मैडम'. आम्हा दोन-चार मराठी माणसांच्या ताई.

आनंद नगरमधले माझे शेजारी विचारायचे, "भाईसाहब, आप लोग दिनभर करते क्या हैं?" आता काय सांगणार! बाहेरची मोठी तबकडी उपग्रहाचा आवाज ऐकते. संगणक त्या आवाजाचे आकडे करतो: बॅटरी किती, तापमान किती, इंधन किती, तोंड पृथ्वीकडे आहे ना. काही करायचं असलं, की आज्ञा वर पाठवायची. उपग्रह ती लगेच पाळत नाही. 'मला असं ऐकू आलं' म्हणून आधी परत सांगतो. ते तपासायचं आणि मगच शेवटचं बटण दाबायचं. ताई तो जबाब मोठ्याने वाचायला लावत. तरण्या पोरांना कंटाळा यायचा. येऊ दे.

आमच्याकडे टीव्हीचे कार्यक्रम घरोघरी पोचवणारे, जुळे म्हणावेत असे दोन उपग्रह होते. ताई त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायच्या. थोरली वर गेली त्या दिवसापासून ताईंच्या हाताखाली होती. दोघींचे पडदे हुबेहूब सारखे, म्हणून ताईंनी घरून क्रोशाच्या झालरी विणून आणल्या होत्या. थोरलीच्या मॉनिटरवर लाल, धाकटीच्या मॉनिटरवर हिरवी. कितीही थकलेला माणूस असो, चुकीच्या खुर्चीत बसणार नाही.

मग नवे साहेब आले. दिल्लीहून कुणी बडे पाहुणे येणार म्हणून त्यांनी कक्ष चकाचक करायला घेतला. झालरी बघून म्हणाले, "ये क्या ड्रॉइंग रूम है?" आणि स्वतःच्या हाताने त्या ओढून काढल्या. ताईंनी कारण समजावून सांगितलं, पण ऐकतो कोण!

पाहुण्यांना आज्ञा कशी जाते ते दाखवायचं होतं. उपग्रहाच्या पोटात दोन चाकं असतात, एक राखीव आणि एक सतत फिरणारं; त्या फिरणाऱ्याच्या जोरावर तो पृथ्वीकडे तोंड करून राहतो. थोरलीचं दोन नंबरचं चाक केव्हाच निकामी होऊन थांबलेलं. तेच पुन्हा 'बंद' करायचं, म्हणजे कशाला धक्का नको, असं ठरलं. धाकटी मात्र दोन नंबरच्याच चाकावर चालायची.

आणि साहेब ऐटीत धाकटीच्या खुर्चीत बसले.

आज्ञा गेली, जबाब आला. पाहुण्यांजवळ उभ्या असलेल्या ताईंनी तो लांबूनच वाचला. "साहेब, थांबा! ही धाकटी आहे!"

"मैडम, सब कंट्रोल में है," साहेब हसून म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

बघता बघता पडदा लाल झाला. धाकटी तोंड फिरवू लागली. साहेब घाईघाईने कीबोर्डवर झेपावले, तेव्हा ताई गरजल्या, "हात मांडीवर! उठा तिथून!" पाहुण्यांच्या देखत! साहेब उठले. ताईंनी आकडे वाचले, राखीव चाक फिरवलं, हलके हलके धक्के देऊन धाकटीला जागेवर आणलं. टीव्ही बघणाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही.

याचं बक्षीस काय मिळालं असेल? चौकशी! दोन्ही संगणक शिफ्टप्रमुख म्हणून ताईंच्या नावाने उघडलेले होते. नाव त्यांचं, म्हणून चूक त्यांची. मी ओरडून ओरडून सांगितलं की बटण साहेबांनी दाबलं. मला म्हणाले, "आप मशीन देखिए." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ताईंना नियंत्रणकक्षातून काढून शाळेच्या सहलींना उपग्रहाचं मॉडेल दाखवायला बसवलं. आजही आठवलं की माझं रक्त उकळतं.

ताई भांडल्या नाहीत. त्यांनी एकच मागितलं. थोरलीचं इंधन संपत आलं होतं. संपायच्या आधी अशा उपग्रहाला आणखी वर, वाटेतून बाजूला नेतात आणि कायमचं बंद करतात. "त्या दिवशी मला तिच्यासमोर बसू द्या. बटण दुसऱ्या कुणी दाबलं तरी चालेल." साहेब म्हणाले, "देखेंगे."

पण ताईंनीच इतकी वर्षं थेंब थेंब जपून वापरलेलं ते इंधन! ते संपेना. थोरली चालतच राहिली आणि ताई निवृत्त झाल्या.

अखेर तो दिवस ठरला. मी पास मागायला गेलो. साहेब म्हणाले, "रिटायर्ड आदमी को अंदर लाने का नियम नहीं है." त्यांच्या मेव्हण्यासाठी मात्र पहिल्या रांगेत खुर्ची होती. हा कुठला नियम, सांगा पाहू!

तरी ताई आल्या. सिटी बसने, कडक इस्त्रीची साडी नेसून. चौकीदाराने फाटकावरच अडवलं.

आत थोरलीला वर नेलं, उरलंसुरलं इंधन सोडलं, शेवटची आज्ञा गेली. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबले. टाळ्या झाल्या, केक कापला, फोटो निघाले. माझ्या वाट्याचा केक मी तसाच टेबलावर ठेवला. मी तडक फाटकावर गेलो.

"ताई, झालं."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. भिंतीपलीकडे थोरलीची तबकडी दिसत होती. इतकी वर्षं आभाळातल्या एकाच जागेकडे रोखलेली ती तबकडी, आता ऐकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, वळत होती, हळूहळू तोंड वर करत होती. ताईंनी पायातल्या चपला काढल्या आणि तापलेल्या डांबरावर हात जोडून उभ्या राहिल्या.

मागून हॉर्न वाजला. चौकीदार धावत आला. "मैडम, हटिए, साहब की गाड़ी निकलनी है."

ताई हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.