आरशात मावेल तेवढा ग्रुप

तुकोजीअण्णा मोटारसायकलवर बसले की आधी आरसा पुसायचे, मग चष्मा. "आरशात मावतील तेवढेच सोबती," ते म्हणायचे, "बाकीची मिरवणूक." त्यांच्या आरशात एकच गाडी मावायची. मी तेव्हा चाळीस गाड्यांच्या ग्रुपमध्ये होतो. मोठ्या घोळक्याचा फायदा असा, की आपल्याला गाडी चालवता येत नाही हे त्यात कुणाच्या ध्यानात येत नाही. पुण्याहून बंगळुरूला नोकरीसाठी आल्यावर मी आधी जाकीट घेतलं, मग गुडघ्यांची कवचं, मग गाडी. शिकायचं तेवढं राहून गेलं.

एका रविवारी सकाळी देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळ वळताना मी गाडीसकट आडवा झालो. खरं म्हणजे गाडी जवळजवळ उभीच होती. बाकीचे सगळे नाश्त्याला पुढे निघून गेले आणि थोड्या वेळाने ग्रुपवर फोटो आला, 'सगळे सुखरूप पोचलो'. रस्त्याच्या कडेला बसून मी तो पाहिला आणि सवयीने त्याला अंगठाही दिला. तेवढ्यात मागून सायकलवाल्यांना वाट देत देत अण्णा आले. माझी गाडी उचलायला हात लावत त्यांनी विचारलं, "किती जण हो तुम्ही?"

"चाळीस."

"आणि चाळिसांत एकाच्याही गाडीला आरसा नाही?"

पुढच्या रविवारपासून मी ग्रुप सोडून त्यांच्या मागे जाऊ लागलो. अण्णा बंगळुरूतच बनशंकरीत राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. घरात मराठी, पण दर चौथा शब्द कन्नड. सावकाश चालवण्याबद्दल मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "आमची मंडळी चारशे वर्षांपूर्वी ह्या गावात आली, ती काय घाई करून आली?"

त्यांच्याबरोबरच्या पहिल्याच फेरीत मी मागून ओरडून विचारलं, "अण्णा, फाट्याला डावीकडे ना?" ते ओरडले, "सरी, सरी!" मी तत्परतेने गाडी थांबवून रेनकोट चढवला आणि रखरखीत उन्हात तसाच त्यांच्या मागे जात राहिलो. चहाला थांबलो तेव्हा मी आतून पुरता भिजलो होतो. अण्णांनी संकोचत विचारलं, "हे अंगावर कशाला हो? पुण्याकडं असंच असतं काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, सरी येताहेत!"

कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे 'बरं', हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा इतके हसले, की चहा सांडला. चाळीस जणांत माझा रेनकोट कुणी पाहिलाही नसता. अण्णांनी मात्र ती गोष्ट अख्ख्या बनशंकरीला सांगितली, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली. मुलाने गाडीला गिऱ्हाईकही पाहिलं. अण्णा म्हणाले, "गाडी जाऊ दे हो. रविवारचं काय करू मी?" मला सुचलं ते माझ्या अकलेला शोभेल असंच. पुढच्या रविवारी त्यांना मानवंदना द्यायला मी माझा जुना अख्खा ग्रुप त्यांच्या दारात नेऊन उभा केला. चाळीस इंजिनांचा आवाज ऐकून गल्ली गॅलरीत आली. समोरच्या अक्कांनी तर हात जोडून डोळे मिटले.

अण्णा लुंगीवरच धावत बाहेर आले. "अहो, मी अजून आहे की!"

ग्रुप ओशाळून पांगला. अण्णा आत गेले. आता हे घर आपल्याला तुटलं, असं समजून मी गाडी वळवू लागलो. तोच ते पँट घालून, हेल्मेट चढवून परत आले.

"मागं स्वल्प जागा आहे काय?"

जन्मात ते कुणाच्या मागे बसले नव्हते, आणि आता बसले ते माझ्या! खांद्यावर त्यांचा हात आला. मला एकदम भरून आलं, आणि गेटातच गाडी बंद पडली.