गच्चीकाकींचं ऊन

आमच्या लालबागच्या चाळीत ऊन वाटायचं काम गच्चीकाकी करत. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत. गच्चीवर कुणाच्या कुरडया कुठे आणि कुणाचे बोंबील कुठे, हे त्याच ठरवत. "बोंबील त्या कोपऱ्यात घाल गो, माझ्या पापडांक वास लागतलो," असा हुकूम सुटला की चेअरमनची बायकोसुद्धा निमूट उठे.

एका संस्थेने त्याच गच्चीवर सोलर पॅनेलं बसवली. चकचकीत, उतरती, गरम काच बघून काकी हरखल्या. दुसऱ्या दिवशी तिच्यावर उडदाचे पापड! वीज का होत नाही ते तपासायला आलेला माणूस पुरावा म्हणून एक पापड हातात घेऊन खाली आला. काकी त्याला म्हणाल्या, "कच्चो खाव नको रे झिला, थांब, भाजून देतंय."

पॅनेलांच्या बॅटरीवर प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा चालणार होता. पण कमिटीने वायर पुढच्या खोल्यांतच फिरवली. मागच्यांचं 'नंतर बघू'. मागे आम्ही. खोलीला खिडकी नाही, आईला दमा, आणि उन्हाळ्यात फ्यूज उडाला की पंखा बंद. आई उशीला टेकून दुपारभर बसून राही. मला तिची फार काळजी वाटे.

काकींची खोली पुढची. त्यांचा पंखा मस्त फिरत होता. तरी त्या चेअरमनकडे गेल्या. "ऊन काय पुढच्या खोल्यांसाठीच पडता?"

"काकी, टेक्निकल अडचण आहे."

"बरां," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी पॅनेलं पापडांखाली. पापड संपले तिथे गोधड्या. संध्याकाळी पुढचे पंखे थांबले आणि चेअरमन घामाघूम होऊन वर आले.

"काकी, हे काय?"

"टेक्निकल अडचण."

मग काय, वायर मुकाट्याने मागे आली.

पुढे काकींच्या मुलाने वडाळ्याला टॉवरमध्ये जागा घेतली. निघायच्या दुपारी त्या माझ्या आईचा निरोप घ्यायला आल्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या चाळीत आलेल्या. आई पंख्याखाली गाढ झोपली होती. मी तिला उठवायला वाकले, तर काकींनी माझा हात धरला.

"उठव नको गो तिका. किती वर्सांनी दुपारची निजली आसा."

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. काकी थोडा वेळ आईकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि पाय न वाजवता निघून गेल्या.