चेतनच्या जागी

उद्या सकाळी सातला चेतन स्पृहाला स्कूटरवरून शाळेत सोडायला निघेल आणि तेव्हा त्याच्या पोटात दारू असेल. दिवसभर हे एकच डोक्यात फिरतं आहे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. आता घरात निजानीज झाली, तरी तेच.

चेतन माझा मुलगा, छत्तीस वर्षांचा. लिफ्टच्या देखभालीचं काम करतो आणि कामात काटेकोर आहे. कोणी बंद होणारं दार हाताने अडवलं, की अनोळखी माणसालाही सुनावतो. स्पृहा त्याची मुलगी, पहिलीत आहे. तिच्या मापाचं हेल्मेट त्यानेच चार दुकानं फिरून आणलं. पट्टा नीट लागला का, ते तो दोनदा तपासतो. प्यायलेला असला तरी तपासतो. ते मला बघवत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आला. तेव्हा निकिता, माझी सून, मला म्हणाली होती, "आई, एकदा मी थांबले. पुन्हा प्यायला, तर स्पृहाला घेऊन वाघोलीला माहेरी जाईन. तेव्हा मला अडवू नका." आवाज चढवून नाही, पोळ्या लाटता लाटता. निकिता नर्स आहे. गेले दोन महिने तिला रात्रपाळी आहे. संध्याकाळी ती निघेपर्यंत चेतन काही घेत नाही. ती गेली की सुरू होतो आणि पहाटे उठून पुन्हा घेतो. ती साडेआठला परतते, तोवर तो कामावर गेलेला असतो. बाटली गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे असते. हे मला माहीत आहे, निकिताला नाही.

या आठवड्यात चार दिवस मी काहीबाही कारण काढून स्पृहाला रिक्षाने सोडलं. काल स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. त्याने दुसरी काढली. "आई, तुझे गुडघे दुखतात. मी जातो." कोपऱ्यावर वळताना स्कूटर एका अंगाला गेली, त्याने पाय टेकवून सावरली. स्पृहा हसत होती. तिला ती गंमत वाटली.

मी तीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाची कामं केली. घरातही तीच सवय. आधी मी चौकशी करून येते, अर्ज आणते, मग चेतनला नेते. बालवाडीपासून आयटीआयपर्यंत असंच झालं. दारू सोडलेल्यांच्या गटाची बैठकही मी तशीच शोधली. फोनवर यादी सापडली. एक बैठक स्वारगेटला, घराजवळच होती. तिथे ओळखीचं कोणी दिसेल म्हणून मी वारज्याची निवडली. डोळे तपासायला जाते असं निकिताला सांगून आज संध्याकाळी निघाले.

पत्ता एका शाळेचा होता. पाटी नव्हती. दोन चकरा मारून शेवटी नारळवाल्याला विचारलं, "इथे सहा वाजता बैठक असते ना?"

"कसली?"

"अशीच. माणसं जमतात."

"दारूवाल्यांची होय?" शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं तो म्हणाला. "मागच्या फाटकाने जा."

वर्गात लहान मुलांच्या बाकांवर नऊ पुरुष आणि एक बाई बसली होती. मी शेवटच्या बाकावर बसून वही काढली. एक जण उठून नाव सांगून बोलू लागला. मी तारीख घातली, त्याचं नाव लिहिलं. तो मध्येच थांबला. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"बाई, वही आत ठेवा," समोरचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले. "इथलं इथेच राहतं. आणि परीक्षा नसते."

त्यांचं नाव यज्ञेश्वर. बैठक संपल्यावर चहाचा कप माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "कोण पितं?"

"मुलगा."

"तो कुठाय?"

"कामावर. म्हटलं, आधी आपण बघून यावं."

"पालकसभा आहे का ही? अहो, तुम्ही त्याच्या जागी बसून त्याची कशी उतरेल?"

मला राग आला. रागातच मी स्कूटरचं सांगून टाकलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"सुनेला माहीत आहे?"

"नाही. कळलं तर घर मोडेल."

ते समोरच्या बाकावर टेकले. "सल्ला द्यायची आमच्यात पद्धत नाही. माझं सांगतो. मी पडून असलो, की माझी आई ऑफिसात फोन करायची, ताप आहे म्हणून. तिच्यामुळे माझी नोकरी सात वर्षं जास्त टिकली. दारूही तेवढीच टिकली." मग कागदावर नंबर लिहून दिला. "हा त्याला द्या. यायचं असेल तर फोन त्याने करायचा."

घरी आले, तेव्हा निकिता गेली होती. मी कागद चेतनसमोर ठेवला. त्याने वाचला, घडी घालून खिशात टाकला.

"बघतो. निकिताला काही बोललीस?"

"नाही."

"मग झालं तर." खांदे सैल सोडून तो उठला. "सकाळी स्पृहाला मीच सोडतो."

थोड्या वेळाने गच्चीचं दार वाजलं.

हे वहीत लिहिता लिहिता सव्वादोन झाले आहेत. वॉर्डात निकिता मोबाइल जवळ ठेवत नाही, पण अडीअडचणीला तिथला नंबर दिलेला आहे. आता सांगितलं, तर ती सुट्टी मागून सातच्या आत पोचेल. मग स्पृहा तिच्याबरोबर वाघोलीला जाईल. चेतन माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. निकिता विचारेल, आई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? दोन महिन्यांपासून, हे तिला सांगावं लागेल. तेही सांगणार आहे. वही मिटते आणि फोन लावते.