मिठाच्या फोटोशेजारचं भोक

आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मला फसवलं. मिठाचा फोटो मी काढला आणि त्यांनी तो स्वतःच्या नावावर छापला.

खारीला, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, आमची मिठागरं होती. आता तिथे इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत आम्ही राहतो. वडिलांनी शेवटच्या हंगामातलं मीठ बरणीत भरून ठेवलं होतं. विभागात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करायला लागल्यापासून त्या मिठातले अणू बघायचे, हे माझ्या डोक्यात होतं.

अडचण अशी, की इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की मीठ जळतं. फोकस जमेपर्यंत बघायला काही उरत नाही. त्यासाठी नमुना गार ठेवणारा होल्डर लागतो. नवं यंत्र घेताना विक्रेता म्हणाला, "सर, वो अलग आयटम है."

"फिर मशीन भी वापस ले जाओ," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. सर टेबलाखालून माझा पाय दाबत होते. होल्डर यंत्रासोबत आला.

युक्तीही माझीच. फोकस शेजारच्या जागेवर करायचा, तिथलं मीठ जळू द्यायचं, मग झोत बंद करून कोऱ्या जागेवर सरकायचं आणि एकदाच फोटो घ्यायचा. कितीतरी फोटो वाया गेले. मग एका दुपारी पडद्यावर अणूंच्या रांगा उमटल्या, मिठागरातल्या वाफ्यांसारख्या सरळ. सर धावत आले. "काय मिठागरवाले, पीक आलं की!"

पेपर छापून आला तेव्हा लेखकांत माझं नाव नव्हतं. शेवटी आभारांत होतं, मीठ पुरवल्याबद्दल.

मी जाब विचारला. "अरे, विभाग माझा, यंत्र विभागाचं," सर म्हणाले. "आणि नाव आहे ना तुझं? भांडतोस काय?"

घरी सांगितलं तर वडील हसले. "मंजे तू पन मीठच इकलास ना रं?"

सर आता निवृत्त होतायत. तो फोटो मोठा करून विभागाच्या दारात लावलाय, खाली त्यांचं नाव. अणू दिसले त्याच दुपारी मी झूम कमी करून त्या जागेचा लांबूनही एक फोटो घेतला होता. तो माझ्याकडे आहे. त्यात कोऱ्या जागेला लागून एक गोल, जळकं भोक दिसतं.

निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी तो फोटो दाखवणार आहे आणि एवढंच विचारणार आहे: सर, हे भोक कुणी पाडलं आणि कशासाठी? इथे, सगळ्यांसमोर सांगा.