कोरम अंगणात बसलाय

मंडळमावशींकडे गप्पा मारायला गेलेल्या माणसाच्या हातात त्या आधी काम द्यायच्या आणि मगच बोलायला लागायच्या. अलिबागकडच्या आमच्या गावात, इस्रायल आळीत, ज्यू बायकांचं मंडळ त्याच चालवत. म्हणून हे नाव.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्पासाठी मी त्यांच्या मंडळाचा इतिहास निवडला, पण ओटीवर चढताना जीभ अडखळली. ‘मी तुमच्यातली नाही, चालेल का?’ असं कसंबसं विचारलं.

“बाई आहेस ना? मग बस. नारळ खव.”

नारळ मालिद्यासाठी होता. गोड पोह्यांचं, फळांचं हे ताट ज्यू घरांतून देवाचे आभार मानायला मांडतात. खवता खवता मला सगळं कळलं. मंडळ त्यांच्या सासूबाईंनी विधवांना शिलाई शिकवायला काढलं, मग मुलींना शाळेत धाडलं. आता मागणी एकच उरली होती, सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, कमिटीत बायकांना मत. दरवर्षी ती नाकारली जाई. “सासूबाई शिलाईवर थांबल्या नाहीत, मी मालिद्यावर कशी थांबू?” मावशी म्हणायच्या.

त्या वर्षी सिनेगॉगचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्ती सभेतच ठरायची होती. पण बरीच घरं ठाण्याला, इस्रायलला गेलेली. आत पुरुष मोजकेच, बाहेर आम्ही बायका केळी सोलत बसलेल्या. अध्यक्ष म्हणजे मावशींचे दीर. ते दारात आले. “वहिनी, कोरम भरत नाही. सभा पुढे ढकलतो.”

मावशींनी हात पुसले. “भाऊजी, कोरम अंगणात बसलाय. आत बोलवा.”

आतून एक म्हातारबाबा कुरकुरले, बापजाद्यांनी असं कधी केलं नाही.

“त्यांच्या वेळी पुरुष भरपूर होते हो!” मावशी म्हणाल्या.

आत कुणीतरी हसलं. दीर दारातून बाजूला झाले. “या.”

बायका पदराला हात पुसत आत गेल्या. मी खिडकीशी उभी राहून पाहत होते. आधी बायकांच्या मताचा ठराव झाला, मग छपराचा. बांगड्यांचे हात वर गेले तेव्हा मी ते मोजून वहीत लिहून घेतले.

पुढच्याच वर्षी मावशी लेकीकडे इस्रायलला गेल्या. निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, “लिहिलंस ते छान. पण नुसती लिहीत बसू नकोस.”

गेल्या महिन्यात आमच्या गावकीची बैठक होती. तिथेही बायका बाहेर चहा करतात. मी आईला म्हटलं, आत चल. “न्हाय गं, मला काय कळतंय?” आई म्हणाली. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही. आम्ही आत जाऊन बसलो. मागोमाग काकू आली, मग शेजारची वहिनी. बाहेर चहा उतू गेल्याचा वास आला. एकही बाई उठली नाही.