बोळात शिकलेला हात

"कोपर का आखडतेस गं? हात पूर्ण फिरव, मग चेंडू सोड!" सर माझ्या मुलीला तिसऱ्यांदा म्हणाले. सई शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. आठवडाभर तिचा खांदा दुखतोय, तो या आखडण्यामुळेच.

ही सवय मीच लावली. अंधार पडला की मैदानावर थांबायचं नाही, हा माझा नियम. मग ती घरामागच्या बोळात सराव करायची. तिथे हात पूर्ण फिरवला की भिंतीवर आपटायचा. मुलींना जपताना आपण आणखी काय काय आखडून टाकतो, कोण जाणे.

"आई, उद्यापासून इथेच थांबू? बाकीच्या आठपर्यंत असतात."

"थांब," मी म्हटलं. खांदा वाचायला हवा. घरी परतताना मात्र मी रस्त्यावरचे दिवे बघत आले. तीन बंद होते.